आईचा फणस, दबलेला मणका आणि तीन डॉक्टरांचे तीन सल्ले

पर्वरीची_पोर, १५ जून
नमस्कार मंडळी. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची. साखळीला घर आहे, तिथे ती आणि बाबा दोघंच. मेच्या शेवटी परसात फणस पडला. पडलेला फणस गुरांना सोडायचा म्हणजे आईच्या लेखी पापच. कंबरेतून वाकून तिने तो उचलला आणि पाठीत कट्ट झालं. कोणाला काही बोलली नाही. फणस आत आणून चुलीमागे ठेवला आणि मग आडवी झाली. तीन दिवस बाम, दोन दिवस गरम पाण्याची पिशवी. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा खाटेवरून उठायला भिंत धरत होती. विचारलं तर म्हणे, "म्हातारी जालें म्हूण दुखता, आनी कितें?"

एक्स-रेत डी-१२ (पाठीच्या मधल्या भागातला सगळ्यात खालचा) मणका पुढून दबलेला दिसला, पाचरीसारखा. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) कंबरेला उणे ३.१, खुब्याला उणे २.६, म्हणजे हाडं विरळ झालेली, ऑस्टिओपोरोसिस. डी जीवनसत्त्व ११, म्हणजे कमी.

पहिले डॉक्टर म्हणाले, आठवड्याची गोळी. दुसरे म्हणाले, वर्षातून एकदा सलाइनमधून औषध. तिसरे म्हणाले, मणका मोडलाच आहे तर रोज पोटात टोचायचं इंजेक्शन, दोन वर्षं. शेजारच्या मावशीच्या मते तेल चोळून घ्यावं, हाडवैद्य बघून देतो.

आईला आम्लपित्ताचा जुना त्रास. दाताची दोन मुळं काढायची राहिलीत. बाबांना मधुमेह, रात्री इन्सुलिन घेतात. तुमच्या घरी काय दिलं? आणि दुखणं कधी थांबलं? आईला फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय.

कुळागरवाला, १५ जून
फणस कापो की रसाळ?

पर्वरीची_पोर, १५ जून
@कुळागरवाला, रसाळ. आठ-नऊ किलोचा तरी असेल. आई म्हणते, "मात्सो जड आशिल्लो."

मोगरा_फोंडा, १५ जून
मी स्वतः गोळीवाली. साडेपाच वर्षं घेतली, ७० मिलीग्रॅमची, दर मंगळवारी. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, भरलेला पेला साधं पाणी. दूध नाही, चहा नाही, कॅल्शियमची गोळी तर नाहीच. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून हा नियम.

चहाशिवायचा तो अर्धा तास मी अंगणात फेऱ्या मारत काढायचे. पोदेर (पाववाला) यायचा तोवर. त्याला माहीत झालं होतं, "बाय, आज मंगळार न्हू?"

आम्लपित्त असेल तर ही गोळी बेतानेच. मला शेवटी शेवटी छातीत जळजळायचं. पाच वर्षांनी डॉक्टरांनी पुन्हा डेक्सा केला, मणका एकदाही मोडला नव्हता, म्हणून थांबवली. याला ते औषधाची सुट्टी म्हणतात. पाठ मात्र गोळीने कधी थांबली नाही. ती दुखायची ती दुखतेच, पाऊस लागला की जास्त.

मणकेवाली, १५ जून
फिजिओथेरपिस्ट आहे, फोंड्यालाच. (मोगराताई, पोदेर कदाचित आपला एकच!)

धागाकर्तीच्या दोन प्रश्नांची दोन वेगळी खाती उघडते, कारण घरोघरी ती एकत्र होतात आणि मग औषधाला शिव्या बसतात.

हाडं विरळ झाली म्हणून दुखत नाही. दहा वर्षं हाड झिजत असतं आणि माणसाला पत्ता नसतो. दुखतं ते हाड मोडल्यावर, नाहीतर स्नायू, सांधे, शीर असल्या भलत्याच कारणाने. आईचं आजचं दुखणं दबलेल्या मणक्याचं आहे. तो जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे जातात आणि बहुतेकांचं दुखणं त्या काळात उतरतं. गोळी असो, सलाइन असो की इंजेक्शन, ती औषधं पुढचा मणका मोडू नये म्हणून. एक मणका दबला की दुसरा दबण्याचा धोका पहिल्या वर्षातच बराच वाढतो, म्हणून "दुखायचं थांबलं, आता औषध कशाला" हे वाक्य मी सगळ्यात जास्त घाबरून ऐकते.

आता घरात काय करायचं ते. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळायचं, गुडघे जवळ घ्यायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून बसायचं. सरळ उताणं उठायचं नाही. पट्टा दिला असेल तर उठबस करताना बांधायचा, रात्रंदिवस नव्हे, नाहीतर पाठीचे स्नायूच झोपी जातात. पूर्ण विश्रांती दोन-चार दिवस पुरे. त्यापुढे घरातल्या घरात चालायचं, कारण पडून राहिलं की हाड आणखी पातळ होतं.

आणि आईची आदोळी कुठे आहे? जमिनीवर बसून, पुढे वाकून नारळ खवणं ही दबलेल्या मणक्याची सगळ्यात वाईट सवय. तेच हिरांच्या सारणीने अंगण झाडण्याचं. टेबलाला पकडून बसणारी खवणी घ्या, झाडूला लांब दांडा लावा. पुढे वाकायचे व्यायाम, पश्चिमोत्तानासन, उताणं झोपून पोट उचलणं, हे सगळं बंद. दुखणं उतरलं की माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी ओट्याला धरून टाचा उचलायला लावते, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावते, आणि भिंतीला पाठ टेकवून खांदे मागे घ्यायला.

हाडवैद्याकडे मणक्यावर दाब देऊन "बसवून" घेऊ नका. माझ्याकडे अशी एक आजी आली होती, एक मणका घेऊन गेली आणि दोन घेऊन परत आली.

कुळागरवाला, १६ जून
मणकेवाली, आमच्या आईची आदोळी घरातून काढायची तर आधी आईला घराबाहेर काढावं लागेल.

अर्धसुट्टीवाला_ड्रायव्हर, १६ जून
हे बायकांचंच दुखणं असं समजून पुरुषांनी पान उलटू नये. ३० वर्षं बस चालवली, पाठ दुखली की खड्ड्यांच्या नावाने खडे फोडले. मला दमा. खोकला आला की डॉक्टरांनी दिलेली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची चिठ्ठी मी जपून ठेवायचो आणि दर हिवाळ्यात स्वतःच दुकानातून गोळ्या आणायचो. वर्षानुवर्षं. ५९व्या वर्षी बायकोचा डेक्सा करायला गेलो होतो, माझाही केला. तिचा ठीक, माझा उणे २.७. स्टिरॉइडने हाड खाल्लं होतं. बायको आजही पाहुण्यांना सांगते.

उंची मोजा म्हणून सांगतो. लायसन्सच्या जुन्या कागदावर १७२ होती, आता १६८. दोन मणके कधी दबले मला कळलंसुद्धा नाही.

शुद्धदेशी, १६ जून
सगळा औषध कंपन्यांचा खेळ. आमच्या आज्या नाचण्याची तिजान खाऊन ९० वर्षं जगल्या, त्यांचा कोणी डेक्सा काढला? कॅल्शियमच्या गोळ्यांनी मुतखडे होतात. गोव्यात एवढं ऊन, डी जीवनसत्त्व कसं कमी पडेल?

औषधवाला_म्हापसा, १६ जून
@शुद्धदेशी, तिजानीला माझं शंभर टक्के समर्थन. १०० ग्रॅम नाचण्यात साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम. पण वाटीभर तिजानीत नाचणे ३० ग्रॅमही जात नाहीत. पन्नाशीपुढच्या बाईला दिवसाला १,००० ते १,२०० लागतं. पेलाभर दूध घेतलं तर २४० येतं. तारले लहान असतील तर काट्यासकट चावून खा. एवढं करून कमी पडेल तेवढीच गोळी. एका वेळी ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त शरीर नीट घेत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. माझ्या काउंटरवर निम्म्या बायका दोन्ही एकदम गिळतात.

ऊन म्हणाल तर ते आपल्या अंगणात आहे, अंगावर नाही. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघर, दुपारी खिडकीचे पडदे, संध्याकाळी देवळात. ११ आलंय ते उगाच नाही. ६०,००० ची पुडी डॉक्टर म्हणतील तितके आठवडेच घ्यायची. काही जण आवडीने वर्षभर खातात, मग उलट्या आणि मुतखडा घेऊन येतात.

आज्यांचं म्हणाल तर कुबड आलेल्या आज्या आठवा. त्यांचे मणकेच दबलेले असायचे. आपण त्याला वय म्हणायचो.

शुद्धदेशी, १६ जून
कुबडाचं पटलं. बाकीचं नाही.

सांज_काणकोण, १७ जून
सहामाही इंजेक्शनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. डेनोसुमॅब, ६० मिलीग्रॅम, दर सहा महिन्यांनी दंडात. सासूबाईंना उत्तम लागू पडलं, दीड वर्षात आकडे सुधारले. पुढचा डोस एप्रिल २०२० मध्ये होता. टाळेबंदी. काणकोणहून मडगावला जाणार कसं, आणि त्या म्हणाल्या, आता बरं आहे, राहू दे. मीही हो म्हटलं. नोव्हेंबरपर्यंत राहिलं.

ऑक्टोबरात त्यांना शिंक आली. शिंक! दोन मणके एकदम दबले.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की हे औषध मध्येच सुटलं तर दाबून ठेवलेली झीज उसळून वर येते आणि मणके पटापट मोडतात. बंद करायचंच तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. सुरू करताना हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. औषध वाईट नाही. पण जिच्या घरी सहा महिन्यांची तारीख पाळणारं कोणी नाही, तिने ते घेऊ नये.

मोगरा_फोंडा, १७ जून
बाप रे. शिंकेने.

रविवारची_आमटी, १७ जून
आमच्या वाड्यावर गेल्या ऑक्टोबरात देवळाच्या सभामंडपात फुकट हाड तपासणी होती. पाय एका यंत्रात घालायचा, दोन मिनिटांत कागद. ४२ बायका गेल्या, बहुतेक सगळ्यांना "हाड कमजोर", आणि बाहेरच्या टेबलावर कॅल्शियमचे डबे. मी घाबरून पणजीला डेक्सा केला तर उणे १.४. म्हणजे विरळ व्हायला लागलंय, आजार नाही. टाचेच्या यंत्रावरून औषध सुरू करत नाहीत म्हणे. डबा मात्र मी आधीच घेतला होता.

कट्टा_पणजी, १७ जून
माझ्या आत्याच्या मणक्यात सिमेंट भरलं. व्हर्टिब्रोप्लास्टी. दुसऱ्या दिवशी चालायला लागली. सरळ तेच का करत नाही?

मणकेवाली, १७ जून
@कट्टा_पणजी, काहींना खरंच उतार पडतो. पण २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यात काहींना सिमेंट भरलं आणि काहींना फक्त भरल्याचं नाटक केलं. महिन्याभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं होतं. तेव्हापासून ते पहिला उपाय म्हणून करत नाहीत. कित्येक आठवडे झाले तरी माणूस उठूच शकत नाही, एमआरआयमध्ये मणका अजून ताजा दिसतोय, अशा वेळी विचार करतात.

धागाकर्ती, आणखी एक. मणका दबला म्हणजे हाडं विरळ झाली म्हणूनच, असं गृहीत धरू नका. क्षयाने किंवा मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगानेही मणका दबतो. रक्ताच्या काही तपासण्या डॉक्टरांनी लिहिल्या असतील तर टाळू नका. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

वैद्य_सत्तरी, १८ जून
आयुर्वेदाचा पदवीधर आहे म्हणून बोलतो. तेल जरूर लावा, हलक्या हाताने, शेक द्या. आखडलेल्या स्नायूंना बरं वाटतं, झोप लागते. धारगळला आयुर्वेद संस्थानाचं रुग्णालय २०२२ पासून आहे, तिथे दाखवायचं तर दाखवा. पण मणका दबलेला असताना रगडून मालिश नको, आणि टी-स्कोअर उणे ३.१ तेलाने वर येईल असं मी माझ्या रुग्णाला सांगणार नाही. शेजारच्या मावशीलाही सांगू नका, तेल लावून घ्या आणि हो म्हणा.

कुळागरवाला, १८ जून
वैद्य मावशीशास्त्रातही पारंगत दिसतात.

अवांतर: रसाळ फणसाची सांदणां झाली की नाही? इतक्या प्रतिसादांत फणसाचं पुढे काय झालं ते कोणीच विचारत नाही.

रविवारची_आमटी, १८ जून
सांदणांत गूळ आधी की गर आधी, यावर वेगळा धागा काढा. इथे मारामारी नको.

अर्धसुट्टीवाला_ड्रायव्हर, १९ जून
सलाइनवाल्याचा अनुभव राहिला. झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलीग्रॅम, मी तीन वर्षं तीन वेळा घेतलं. वीस मिनिटांत आटपतं. पहिल्या वेळी रात्री ताप, अंग असं ठेचल्यासारखं की गोवा ते मुंबई क्लच दाबत गेलो असं वाटलं. दोन दिवस पॅरासिटामॉल आणि पेज. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. आधी मूत्रपिंडाची तपासणी केली, डी जीवनसत्त्व भरून घेतलं आणि दात काढायचे ते काढून घेतले. जबड्याचं हाड सडण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण होतो, आणि दात काढल्यावर होण्याची भीती जास्त. तुमच्या आईची दोन मुळं आधी.

पर्वरीची_पोर, २ जुलै
सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिला सगळ्यात आवडलं ते शिंकेचं, म्हणजे आवडलं असं नाही, पण त्यानंतर ती औषध घ्यायला तयार झाली. आता शिंक आली की खुर्ची धरते.

दुखणं निम्म्याने कमी. मुळं काढून झाली, जखम भरतेय. रक्ताच्या तपासण्या साफ. पुडी चालू आहे.

रोजच्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांचं म्हणणं, बाकीची औषधं हाडाची झीज थांबवतात, हे टेरिपॅराटाइड हाड नव्याने बांधतं, मणका आधीच मोडलेला असेल तर सुरुवात याने करावी. पण रोज टोचायचं, फ्रिज लागणार, महागही. मी मनातून सलाइनवर आले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "हांव रातीं टोंचून घेतां, तुकाय टोंचतां." ४१ वर्षांच्या संसारात मी बाबांना आईसाठी काही करतो म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. आई लाजली हो.

फक्त इंटरनेटवर या औषधाने कर्करोग होतो असं वाचलं आणि पोटात गोळा आला.

औषधवाला_म्हापसा, २ जुलै
ते उंदरांवरच्या प्रयोगांतून आलं होतं, हाडाचा कर्करोग. माणसांत इतक्या वर्षांत तो धोका वाढल्याचं आढळलं नाही, अमेरिकेने २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावरची ती मोठ्या चौकटीतली धोक्याची सूचना काढून टाकली. ज्यांना पूर्वी किरणोत्सर्गाचे उपचार झालेत त्यांना मात्र देत नाहीत. मुतखड्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता माझी खरी काळजी. बाबांची इन्सुलिनची पेन आणि आईची पेन एकाच फ्रिजमध्ये, रात्री, दोघंही सत्तरीजवळ. उलटसुलट झालं तर आईला इन्सुलिन जाईल! आजच आईच्या पेनला लाल चिकटपट्टी गुंडाळा. डबे वेगळे, कप्पे वेगळे, वेळही वेगळी. आईची पेन उघडल्यापासून २८ दिवसांनी फेकायची, आत औषध उरलं तरी. पावसात वीज जाते तेव्हा फ्रिज उगाच उघडायचा नाही. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, खाटेवर बसूनच घ्यावं.

आणि दोन वर्षं संपली की थांबून चालणार नाही. त्यामागून झीज थांबवणारं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर बांधलेलं हाड पुन्हा जातं.

सांज_काणकोण, २ जुलै
ही शेवटची ओळ दोन वर्षांनंतरच्या तारखेला मोबाइलमध्ये आत्ताच लावून ठेव. माझं ऐक.

शुद्धदेशी, ३ जुलै
तिजान बंद करू नका म्हणजे झालं.

पर्वरीची_पोर, २० सप्टेंबर
धागा वर काढते. गणपतीची चवथ झाली. आई बसून हुकूम सोडत होती आणि माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बाबांनी बांधली. नारळ मी टेबलावरच्या खवणीवर खवले, आईच्या मते फार जाडे. आदोळी माळ्यावर ठेवलीय, बाबांनी. जागा मलाही सांगितलेली नाही.

बाहेरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं ते घासून काढलं, कठडा बसवला. न्हाणीत दांडी लावली. पाठ आता फक्त संध्याकाळी, ओट्यापाशी फार वेळ उभी राहिली तर दुखते. अडीच महिन्यांत बाबा दोनदा टोचायला विसरले, दोन्ही वेळा क्रिकेट होतं. लाल पट्टीवाली पेन मी फोटो काढून पाठवायला लावते.

@कुळागरवाला, त्या फणसाची साटां घातली होती. आईने आडवं पडून सांगायचं, मी ताटात पसरायचं. दोन ताटं वाळली, तिसऱ्याला पाऊस लागून बुरशी आली. एक वळकटी तुमच्यासाठी ठेवलीय, पर्वरीला आलात तर न्या.

कुळागरवाला, २० सप्टेंबर
शनिवारी येतो. दार उघडं ठेवा.